घर लागतं तेव्हा

मांजरीकर

आमच्या मावशीला गाडी लागते. सासवडहून मांजरीला यायचं म्हटलं की ती पदराच्या टोकाला आलेपाकाची वडी बांधते, ड्रायव्हरच्या मागची सीट धरते आणि दिवेघाट उतरेपर्यंत समोरच्या काचेवरून नजर काढत नाही. हडपसरच्या गाडीतळावर पाय टेकले की तिच्या चेहऱ्यावर रंग येतो.

तिला मागच्या महिन्यात खुर्चीत बसल्या जागी गाडी लागली, तीही एसी लावलेल्या खोलीत.

द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ज्या मांजरीत आहेत, तिथे उसाच्या फडांच्या जागी आता टॉवर उठताहेत. इमारत उभी राहायच्या आधी फ्लॅट दाखवायचा, म्हणून अशाच एका विक्री कार्यालयात मावशीच्या डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे आभासी वास्तवाचा, हेडसेट चढवला. आधी तिचा चष्मा काढून घेतला. रिमोट विक्रीवाल्या मुलाच्या हातात. तो तिला दारातून हॉलमध्ये, हॉलमधून बेडरूममध्ये सरसर फिरवत होता आणि कोपऱ्यावर झपकन वळवत होता. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. तिने खुर्चीचे दांडे आवळून धरले होते. वरच्या ओठावर घाम आला, तोंडाला पाणी सुटलं, ती सारखी आवंढा गिळायला लागली. गॅलरीपर्यंत पोचायच्या आत तिने हेडसेट ओढून काढला. “गाडी लागते तसं मला हे घर लागलं,” म्हणाली आणि डोळे मिटून बसली. संध्याकाळपर्यंत तिने अन्नाला हात लावला नाही.

मुलगा चांगला होता, धावत जाऊन पाणी घेऊन आला. पण तो म्हणाला, “पहिल्यांदा असं होतंच आजी, सवय होईल.” माझं भांडण या वाक्याशी आहे.

आपल्या कानाच्या आत द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. मान वळली की तो द्रव हलतो आणि मेंदूला वळण कळतं. शेजारच्या दोन पिशव्यांत चुन्याचे बारीक कण असतात. वेग वाढला-घटला की ते सरकतात. एसटीत डोळ्यांसमोर पुढच्या सीटची पाठ असते, म्हणजे डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत आणि कान सांगतो की वळतो आहोत. हेडसेटमध्ये नेमकं उलट होतं: डोळे चालताहेत आणि कान बसलेला आहे. रीझन आणि ब्रँड या संशोधकांनी १९७५मध्ये या त्रासाचं मूळ अशा विसंगतीत दाखवलं. त्याच्याही आधी, १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या प्रयोगांत अमेरिकी नौदलाने गॅलॉडेट कॉलेजातले अकरा कर्णबधिर पुरुष निवडले होते. त्यांना खवळलेल्या समुद्रात नेलं, तेव्हा संशोधक आडवे झाले आणि हे लोक मजेत पत्ते खेळत बसले. त्यांचा आतला कान निकामी होता, म्हणून त्यांना बोट लागली नाही. म्हणजे मावशीला घर लागलं, ते तिचा कान धडधाकट आहे म्हणून. तिला नाजूक म्हणायचं काही कारण नाही.

यावरचे उपाय हेडसेट बनवणाऱ्यांना ठाऊक आहेत. मान वळल्यापासून चित्र वळेपर्यंतचा उशीर २० मिलिसेकंदांच्या आत हवा आणि चित्र सेकंदाला ९० वेळा बदलायला हवं, हे हेडसेटवाल्यांनी बरंचसं साधलं आहे. राहिलेलं काम चित्र रचणाऱ्याचं आणि दाखवणाऱ्याचं. कोलंबिया विद्यापीठातल्या फर्नांडिस आणि फाइनर यांनी २०१६मध्ये दाखवलं की चालताना चित्राच्या कडा हळूच काळ्या करत नेल्या तर त्रास कमी होतो, कारण हालचालीचा भास डोळ्याच्या कडांना जास्त होतो. पर्ड्यू विद्यापीठात तर चित्रातच पाहणाऱ्याचं नाक दाखवून पाहिलं; नजरेला धरायला एक स्थिर वस्तू मिळाली आणि लोक जास्त वेळ टिकले. मावशी समोरच्या काचेतला रस्ता धरते, त्याच जातीचा हा उपाय.

“बायकांना जास्तच लागतं” हेही त्या कार्यालयात कानावर आलं. व्हीआर-संशोधक के स्टॅनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२०मध्ये तपासलं, तेव्हा मोठं कारण भिंगांमधलं अंतर निघालं. ते अनेक बायकांच्या डोळ्यांना जुळतच नव्हतं. जुळवल्यावर बायकांचा आणि पुरुषांचा त्रास सारखाच झाला. बऱ्याच हेडसेटना त्यासाठी एक सरकपट्टी किंवा चाक असतं. मावशीच्या वेळी त्याला कुणी हात लावला नव्हता.

सवय होते, हे खरं. पण ती रोज पाच-सात मिनिटं पाहून, पहिला उमासा येताच थांबून होते. रेटून पाहिलं तर पुढच्या वेळी हेडसेट नुसता दिसला तरी मळमळू शकतं. आणि असं गरगरत असताना माणूस खाली येऊन दुचाकीला किक मारतो, याची मला जास्त धास्ती वाटते. किमान अर्धा तास बसवून घ्या, असं तिथे कुणीतरी सांगायला हवं.

एसटीच्या ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही. पुढचं वळण कोणतं ते त्याला ठाऊक असतं, कारण गाडी तोच वळवतो. मावशीच्या हातात रिमोट नव्हता, म्हणून ती त्या घरातही प्रवासीच राहिली.

गेल्या रविवारी भाच्याने स्वतःचा हेडसेट आणला. चष्मा तसाच राहू दिला, भिंगं जुळवली, पंखा समोर लावला आणि रिमोट तिच्या हातात दिला. चालायचं नाही, जिथे जायचं तिथे खूण करून बटण दाबायचं. चित्र क्षणभर काळं होतं आणि आपण तिथे पोचलेले असतो. वळायचं ते स्वतःची मान वळवून. पहिली दोन मिनिटं तिने दुसऱ्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं होतं. मग ते सुटलं. ती स्वयंपाकघरात पोचली, ओट्यापाशी थांबली, खाली वाकून पाहिलं.

“खिडकी पश्चिमेला आहे ना रे?” तिने विचारलं. “मग उन्हाळ्यात चारच्या चहाला इथे उभं राहवणार नाही. त्यांना विचार, ओटा पलीकडच्या भिंतीला घेता येईल का.”