शिकारी नव्हे, शिकार

‘माणसाच्या रक्तातच हिंसा आहे,’ असं दंगलीनंतर कुणी म्हटलं की मला टाँगचं पोर आठवतं. दक्षिण आफ्रिकेत १९२४ साली सापडलेली ही कवटी तीन-चार वर्षांच्या मुलाची. तिचा अभ्यास करणाऱ्या रेमंड डार्ट यांनीच १९५३ मध्ये आपले पूर्वज खुनी वानर होते, असं मांडलं. पण २००६ मध्ये ली बर्गर यांनी त्याच कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीतल्या खुणा दाखवल्या. गरुडाने खाल्लेल्या माकडांच्या कवट्यांवर अशाच खुणा असतात. म्हणजे आपलं हे पोर बहुधा गरुडाने उचललं होतं. असे दुबळे जीव एकमेकांना धरून राहिले म्हणूनच तगले, असं मला वाटतं. मग आपल्या हिंसेचं खापर पूर्वजांवर कशाला? दगड उचलणारा हात आपलाच असतो.