नोकरी नाही तर अनुभव कुठला आणायचा?



परवा बाजाराच्या दिवशी दहिवडीत एक शेतकरी भेटले. बरोबर लेक होती, हातात फाईल. मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेली, पहिल्या वर्गात. वडील म्हणाले, "साहेब, दोन म्हशी इकून हिला शिकवली. तीन ठिकाणी फिरलो. समदीकडं एकच, अनुभव किती? आता नोकरीच न्हाई तर अनुभव आणायचा कुठनं? भावकी म्हणतीया, लगीन उरका." मुलगी खाली मान घालून उभी होती. अशा फायली आज माणमधल्या अनेक घरांत खुंटीला टांगलेल्या आहेत, म्हणून त्या बापलेकींना सांगितले तेच इथे लिहितो.

नवा बैल घेताना तुम्ही दात बघता, चाल बघता आणि एकदा जुंपून पाहता. नोकरी देणाऱ्याचेही तसेच असते. पदवी म्हणजे दात. हा आकडा खरा लिहील का, हात सावरून काम करील का, हे त्याला पाहायचे असते. तेव्हा नोकरीच्या आधी जुंपून पाहण्याची संधी मागावी.

1933 साली बी. एस्सी. ला अव्वल गुण मिळवलेल्या कमला भागवत बंगलोरच्या विज्ञान संस्थेत गेल्या. मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना नकार दिला. त्या हटल्या नाहीत. एक वर्ष अटींवर राहण्याचे त्यांनी कबूल केले आणि काम करून दाखविले. पुढे त्यांनी तिथे दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर संशोधन केले. याच कमला सोहोनी 1939 साली केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या.

आता आपल्या भागात ही संधी कुठे? साखर कारखान्यात गळीत हंगामात प्रयोगशाळा रात्रंदिवस पाळीने चालते. उसाच्या रसाचा ब्रिक्स, पोल काढायला माणसे लागतात. काम हंगामी असते, पण म्हणून नाक मुरडू नये. एक हंगाम केला की अर्जात अनुभवाची पहिली ओळ लिहिता येते. दुसरी जागा दुधाची. गर्बर पद्धतीने फॅट काढताना 10 मिलि सल्फ्युरिक आम्ल, 10.75 मिलि दूध व 1 मिलि अमाईल अल्कोहोल घेतात. माप चुकले तर शेतकऱ्याच्या खिशाला चाट बसते, म्हणून तिथे हिशेबी हात हवा. तिसरी जागा माती परीक्षणाची. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश ही सारी कामे रसायनशास्त्राचीच आहेत. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठीही रसायन, वनस्पती किंवा प्राणिशास्त्राची पदवी चालते.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे. 2014 च्या दुरुस्तीने इंजिनिअर नसलेल्या पदवीधरांनाही त्यात वाव मिळाला. विद्यावेतन मिळते, शेवटी प्रमाणपत्र मिळते, आणि ही वाट मुळात नवख्यांसाठीच आहे. निकालानंतर वर्षे वाया न घालवता नाव नोंदवावे.

अर्जात नुसते गुण लिहू नका. द्रावण करणे, टायट्रेशन, पीएच मीटर वापरणे, जे स्वतःच्या हाताने केले ते लिहा. येत नसेल ते येत नाही म्हणून सांगा. खोटे पहिल्याच दिवशी उघडे पडते. घरचे शेतही कामी आणा. आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घेऊन माती गोळा करा, मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत असे करून नमुना प्रयोगशाळेत द्या. अहवाल आला की तिथल्या माणसाला आकडा कसा काढला ते विचारा. वहीत नोंद ठेवा आणि मुलाखतीला ती वही घेऊन जा.

दोन गोष्टी जपा. नोकरी लावतो म्हणून पैसे मागणाऱ्याला दारात उभे करू नका. आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास जरूर करा; माणच्या मुलांनी त्यात नाव काढले आहे. पण किती वर्षे, हे घरात बसून आधी ठरवा, आणि तोवर हाताला काम ठेवा.

आई-वडिलांनो, पहिला पगार थोडा असेल. शेजाऱ्याच्या मुलाशी त्याची तुलना करू नका. त्या बापाला मी एवढेच म्हणालो, "दोन म्हशी दिल्यात, आता एक वर्ष द्या." ते बराच वेळ बोलले नाहीत. मग लेकीला म्हणाले, "कारखान्याचा अर्ज कवा भरायचा, इचार सायबास्नी." मुलीने तेव्हा मान वर केली.

तुमच्या घरची फाईलही खुंटीवरून काढा आणि पहिला अर्ज याच आठवड्यात लिहा.