तोंड दिसायलंय बघा!

आमच्या बीडमध्ये नव्या टेबलाचं कौतुक एकाच वाक्यात उरकतं. मालक वरून हात फिरवतो आणि म्हणतो, "तोंड दिसायलंय बघा यात!" हे वाक्य ऐकलं की मला त्या टेबलाची दया येते. तोंड बघायला भिंतीवर आरसा आहे. टेबलावर जेवायचं असतं, पोरांनी कंपास टोचत अभ्यास करायचा असतो, भर मे महिन्यात उन्हातून आलेल्या पाहुण्याने त्यावर गार पाण्याचा तांब्या आणि पाठोपाठ वाफाळता चहा ठेवायचा असतो. यातल्या एकाही कामाचा चकाकीशी काडीचा संबंध नाही. तरी पॉलिशवाल्याला पहिला प्रश्न, "चमक किती येईल?" आणि दुसरा, "फुटाला काय घेता?" तिसरा प्रश्न विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

आधी लाकडाचं बोलू. बीड जिल्ह्यात जंगल नावापुरतं. बालाघाटच्या डोंगरावर सागाची राई शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. चांगला साग येतो बल्लारशा-चंद्रपूरकडून, आणि तो 2023मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेला तेव्हा त्याची मिरवणूक निघाली होती. आपल्या खिशाला परवडतो तो घानाचा साग, नाहीतर रबरवुड, नाहीतर शेताच्या बांधावरचा कडुनिंब. त्यावर 'टीक' किंवा 'वॉलनट' शेडचा स्टेन मारायचा आणि सागवान म्हणून मिरवायचं. याला माझी हरकत नाही. कडुनिंबाला रंग लावला म्हणून पाप लागत नाही.

पण स्टेन हा नुसता रंग आहे, एवढं तरी ध्यानात ठेवा. तो लाकडाच्या वरच्या पापुद्र्यात बसतो. पाणी, तेल, उष्णता, ओरखडा यातलं काहीही अडवत नाही. अडवायचं काम वरच्या पारदर्शक थराचं. तो थर झिजला की न रंगवलेला साग फक्त जुना दिसतो, रंगवलेलं लाकूड मात्र उघडं पडतं. सुरुवात कडेपासून होते. बसता-उठता जिथे हात टेकतो तिथे धारेवर पांढुरकी रेघ उमटते, आणि 'सागवान' म्हणून सांगितलेलं सगळं त्या रेघेतून बाहेर येतं. तेव्हा स्टेनची शेड निवडण्यात जो आठवडा घालवता, त्यातला एक दिवस वरच्या थरासाठी काढा.

जुनी माणसं म्हणतील, आमच्या वेळी लाखेचं पॉलिश होतं, त्याची सर कशाला नाही. खरं आहे. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने हात देत जायचं, त्यातून जी ऊब लाकडाला येते ती दुसऱ्या कशातून येत नाही. लाख आपल्याच देशातली. तिच्यावर संशोधन करायला रांचीजवळ नामकुमला 1924मध्ये संस्था उभी राहिली. देव्हाऱ्याला, आजीच्या पेटीला, भिंतीवरच्या चौकटीला लाख लावा. पण जेवणाच्या टेबलाला? गरम पातेलं ठेवलं की ती मऊ पडते, ओला पेला राहिला की पांढरं वर्तुळ उठतं, आणि स्पिरिट तर तिचा जन्मजात वैरी, कारण ती विरघळते त्यातच. 2020मध्ये घराघरांत टेबलावर सॅनिटायझरच्या बाटल्या आल्या आणि कित्येक जुन्या टेबलांवर चिकट डाग पडले, ते यामुळेच. लाखेवर प्रेम करा, पण तिला जेवणाच्या टेबलावर ड्युटी लावू नका.

मग येतो एनसी लॅकर. पॉलिशवाल्याचा लाडका, कारण सकाळी मारला की दुपारी दुसरा हात. थिनर उडून जातो, थर सुकतो, संपलं. पण जो थर नुसता थिनर उडून सुकतो, तो थिनर सांडला की पुन्हा विरघळतो. पावसाळी दमट हवेत मारला तर दुधाळ पडतो. पातळ असतो, टेबलाच्या माथ्यावर फार टिकत नाही. मेलामाईन त्यापेक्षा दणकट, हे मी मान्य करतो. त्यात हार्डनर असतो आणि थर आतून घट्ट होतो. पण आपल्याला तोंड दिसायला हवं ना! म्हणून हातावर हात चढवून त्याची जाड काच केली जाते. भरीव लाकूड पावसाळ्यात फुगतं, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसतं, आणि ती कडक काच सांध्याच्या रेषेत तडकते. शिवाय त्यातून सुटणारा फॉर्मल्डिहाइडचा वास नवेपणाचा सुगंध म्हणून हुंगणारे महाभाग मी पाहिलेत. कर्करोगावरच्या जागतिक संशोधन संस्थेने 2004मध्ये या वायूला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. हुंगा खुशाल.

आणि एवढं सगळं करून झाल्यावर मालक काय करतो? टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरतो! आपल्याच पॉलिशवरचा अविश्वास असा चार पाहुण्यांसमोर जाहीर करायचा. त्याहून मौज पुढे आहे. ते प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं रसायन घातलेलं असतं. पारा चाळिशीच्या वर गेला की ते हळूहळू पाझरतं आणि खालचं लॅकर मऊ करतं. दिवाळीच्या साफसफाईला प्लॅस्टिक उचलायला जावं तर ते पॉलिशसकट सोलून निघतं. जपायला घातलेल्या पांघरुणानेच टेबलाचा जीव घेतला.

माझं मत सरळ आहे. स्टेन मारलेल्या, रोज वापरायच्या टेबलाला पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. 1937मध्ये ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधलेलं हे कुळ आज गादीच्या फोमपासून बुटाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे आहे, टेबलावर आलं तर बिघडलं कुठे? कॉम्प्रेसर-गनचा चांगला कारागीर आणि उघडी जागा असेल तर हार्डनर मिसळायचं दोन डब्यांचं पीयू. घरच्या घरी ब्रशने करायचं असेल तर एका डब्यातलं तेलावर आधारलेलं. त्याने लाकडाला किंचित पिवळसर झाक येते, पण वॉलनट शेडवर ती शोभतेच. पाण्यावरचं पीयूही चांगलं निघतं, वास कमी, पिवळं पडत नाही. अट एकच, खालचा तेलकट स्टेन पुरता सुकलेला हवा. पांढरं फडकं घासून बघा. रंग फडक्यावर आला तर थांबा.

आणि शेवटचा हात मॅट. हो, मॅट. खालचे हात ग्लॉसचे चालतील, पण वरचा मॅट किंवा साटन, कारण चकाकत्या पृष्ठभागावर प्रत्येक ओरखडा, प्रत्येक बोट, खिडकीतून आलेला धुळीचा प्रत्येक कण ओरडून सांगतो की मी इथे आहे. पातळ तीन हात, मधल्या प्रत्येक हातानंतर तीनशेवीस नंबरचा पॉलिश पेपर हलकासा, पहिल्या हातानंतर तर फारच जपून, नाहीतर धारेवरचा स्टेन पेपरबरोबर निघून जाईल.

नंतर आठवडाभर त्या टेबलाला हात लावायचा नाही. बोटाला कोरडं लागतं म्हणजे आतून पक्कं झालं असं नसतं. इथेच घोडं पेंड खातं. आपल्याकडे फर्निचर करायला टाकतात ते लग्नाची तारीख धरून, पॉलिश होतं आदल्या रात्री, आणि हळदीच्या दिवशी त्यावर तेलाचे डबे. 1995मध्ये मंजूर झालेली रेल्वे बीड स्टेशनात यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडला. त्या रेल्वेसाठी तीस वर्षं थांबलेला हा जिल्हा पॉलिश पक्कं व्हायला सात दिवस थांबत नाही, याला काय म्हणावं!

पॉलिशवाला फसवतो अशी ओरड मी रोज ऐकतो. काही फसवतात. पीयूचे पैसे घेऊन लॅकर मारणारे आहेत. पण पकडणं अवघड नाही. दोन डब्यांचं खरं पीयू हार्डनर मिसळल्यावर काही तासांतच वापरावं लागतं. मिश्रणाचा उरलेला घोटभर भाग डब्याच्या तळाशी राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. घट्ट झाला असेल तर हार्डनर पडला होता. पाण्यासारखा हिंदकळत असेल तर तुमचे पैसे हिंदकळलेत. जुन्या टेबलावर आधी काय मारलंय ते कळायलाही फार अक्कल लागत नाही: खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा धरा, चिकट झालं तर लाख. थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाईन किंवा पीयू, आणि मग वरचा थर घासून खरबरीत केल्याशिवाय नवा हात मारू नका.

मात्र फसवणुकीची ओरड करणाऱ्यांना मला एक विचारायचंय. दारं-खिडक्या लावून, धूळ नको म्हणून, तुम्ही त्या पोराला खोलीत गन घेऊन उभं करता. सोफ्यावर चादर टाकता, टीव्हीवर टाकता, देव्हाऱ्यावर टाकता. त्याच्या तोंडावर काय असतं? गमछा. पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट गमछ्याला जुमानत नाही. ते छातीत जाऊन बसतं आणि कायमचा दमा देऊ शकतं. धुक्यासारखं उडणारं रसायन अडवायला वायू गाळणारा कार्ट्रिजचा मास्क लागतो आणि हवा खेळती लागते. त्या मास्कचे पैसे तुमच्या बिलात कधी दिसलेत का? फुटाच्या दरात दोन रुपये कमी करून घेताना जो आनंद होतो, तो त्याच्या छातीतून काढलेला असतो. बंदिस्त खोलीत काम करवायचं असेल तर गनचा हट्ट सोडा आणि ब्रशचं पीयू घ्या. वास त्यालाही असतो, खिडकी उघडीच लागते, धुळीचे चार कण बसतील. बसू देत. पेपरने घासता येतात.

या उन्हाळ्यात ज्यांची टेबलं मिस्त्रीकडे आहेत त्यांनी एवढंच करा: डबा स्वतः विकत आणा, त्यावरची मिश्रणाची आणि सुकण्याची वेळ वाचा, पॉलिशवाल्याच्या हातात मास्क द्या, आणि टेबल न्यायची तारीख लग्नाच्या आधी दहा दिवसांची ठरवा. प्लॅस्टिकचा ताव मात्र दुकानातच राहू द्या.