दोन चंद्रांचा एक चंद्र

पुष्कळ घरांत वडिलांच्या ट्रंकेंत चामड्याच्या पिशवींत एखादा जुना कॅमेरा पडून असतो. तरुण मंडळी तो काचेच्या कपाटांत मांडूं पाहतात. आमच्या मतें, चालत्या यंत्राला शोभेची वस्तु करणें हा त्याचा सन्मान नव्हे. म्हणून, वाचकहो, तो हातांत कसा रुळवावा हें या महिन्यांत सांगतों.

आमच्या घरचा कॅमेरा लायका जातीचा, १९५० सालीं निघालेल्या ‘तीन-एफ’ नमुन्याचा आहे. ऑस्कर बार्नाक याच्या कल्पनेचा हा छोटा कॅमेरा जर्मनींतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यानें १९२५ सालीं बाजारांत आणला. १९३२ सालीं त्याला भिंगाशीं जोडलेला अंतरमापक, म्हणजे रेंजफाइंडर, मिळाला.

त्याचें तत्त्व शाळेंतील त्रिकोणमितीचेंच आहे. दोन खिडक्यांतून एकच वस्तु दोन ठिकाणांहून दिसते, म्हणून तिच्या दोन प्रतिमा होतात. भिंग फिरवीत गेलें म्हणजे त्या जवळ येतात व एकरूप झाल्या कीं अंतर साधलें. नेत्ररोग्यास दिसणारे दोन चंद्र हें आपल्या शास्त्रकारांचें भ्रमाचें आवडतें उदाहरण. त्या दोन चंद्रांचा एक चंद्र करणें ही येथील पहिली विद्या. त्यासाठीं दाराची चौकट, साडीचा कांठ अशी एखादी उभी रेघ धरावी. कोऱ्या भिंतीवर डोळा ठरत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, आपण पाहतों ती खिडकी निराळी व चित्र घेणारें भिंग निराळें. भिंगावर टोपण तसेंच असलें तरी आपणांस जग लख्ख दिसत राहतें! येथें प्रत्यक्षापेक्षां अनुमानावर भिस्त असल्यामुळें हाताला क्रम लावून घ्यावा: टोपण काढणें, घडीचें भिंग ओढून पक्कें फिरविणें, फिल्म पुढें सरकविणें, आणि मगच शटरचा वेग लावणें. फिल्म सरकतांना उलट गुंडाळण्याची कळ आपोआप फिरली पाहिजे. ती स्वस्थ असेल तर फिल्म आंत धरलेली नाहीं असें समजावें. उघडें भिंग सूर्याकडे रोखून ठेवूं नये. आंतील कापडी पडदा जळतो.

यांत प्रकाशमापक नाहीं. तरी १०० अंकाची फिल्म, लख्ख ऊन, छिद्र १६ आणि वेग सेकंदाचा शंभरावा भाग, एवढें पाठ असलें कीं पुष्कळ झालें. ओटीवरच्या उघड्या सावलींत त्याच वेगाला छिद्र ४ पर्यंत उघडावें.

या मंदपणाचा लाभ आम्हांस अनपेक्षित ठिकाणीं दिसला. आमच्या थोरल्या वहिनी चौऱ्यायशीं वर्षांच्या. मोबाइल समोर आला कीं त्या तोंड फिरवीत. “पदर सांवरेपर्यंत तुमचें होऊन जातें,” ही त्यांची तक्रार. त्यामुळें घरांत हजारों चित्रें असून त्यांचें एकही धड नव्हतें. नातीनें हा कॅमेरा घेतला तेव्हां प्रथम पावलांनीं अंतर मोजलें, मग पदराच्या कांठावर दोन रेघा जुळवूं लागली. तेवढ्या अवधींत वहिनींनीं पदर नीट केला, चष्मा पुसला, आणि “हं, आतां घे,” असें आपण होऊन सांगितलें. पंधरा दिवसांनीं रोल धुऊन आला. छत्तिसांपैकीं कित्येक चित्रें अंधुक होतीं. तें मात्र स्पष्ट होतें. सध्यां तें वहिनींच्या पोथीच्या रुमालांत असतें.

विद्या हळूहळू येते हें खरें. परंतु ज्यांचीं चित्रें घ्यावयाचीं, तीं माणसें आपल्या अभ्यासासाठीं थांबून राहत नाहींत. म्हणून पहिल्याच रोलांतील चार चित्रें घरांतील वडील मंडळींसाठीं राखावीं, आणि त्यांना पदर सांवरावयास वेळ द्यावा.