साध्या गाठीचा पेच

चरबीची गाठ म्हटली की धास्ती निम्मी होते. दंडावर, पाठीवर अशी गाठ घेऊन माणसे आयुष्य काढतात. 'कर्करोग नाही, राहू द्या' असे डॉक्टर सांगतात आणि ते बरोबरच असते. हीच गाठ आतड्यात झाली की मात्र साधेपणाची खात्री पुरत नाही, कारण तिथे जागाच अपुरी.

आतड्यातला लायपोमा बहुधा आतल्या अस्तराखाली वाढतो. मोठ्या आतड्यात, विशेषतः उजव्या बाजूला, तो अधिक आढळतो. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीचा सहसा पत्ताही लागत नाही. त्याहून मोठी झाली की ती पोकळीत लोंबू लागते. अन्न पुढे ढकलणारी आतड्याची लाट मग तिलाही पुढे रेटते आणि गाठीबरोबर आतड्याची भिंतच पुढच्या भागात ओढली जाते, सदऱ्याची बाही आत खेचली जावी तशी. याला इंटससेप्शन म्हणतात. वाट बंद होते. अडकलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर तो भाग कुजतो.

हा आजार मुख्यतः लहान मुलांचा. रुग्णांत प्रौढ सुमारे ५ टक्केच. मुलांमध्ये हवेच्या किंवा सलाइनच्या एनिमाने आतडे बहुधा जागेवर येते. प्रौढांत मुळाशी बहुतेक वेळा गाठ असतेच, मोठ्या आतड्यात ती कर्करोगाचीही असू शकते. म्हणून सहसा शस्त्रक्रियाच करावी लागते.

घोटाळा होतो तो आधीच. आत शिरलेले आतडे कधी कधी आपोआप सुटते. कळ येते, जाते, काही दिवसांनी पुन्हा येते. घरोघरी तिला 'गॅस' हे एकच नाव. ओवा, सोडा, मेडिकलमधली गोळी. शौचाला झाली नाही की एरंडेल. वाट बंद असताना जुलाब देणे म्हणजे अडलेल्या आतड्याला आणखी जोर लावायला लावणे. ते धोक्याचे आहे. काही दवाखान्यांतूनही पोट न तपासता आम्लपित्ताची चिठ्ठी मिळते, हेही सांगायला हवे. खरे तर सीटी स्कॅनमध्ये चरबी वेगळी ओळखू येते. रुग्ण तिथवर पोहोचतो उशिरा.

राहून राहून येणारी कळ, सोबत उलट्या, फुगलेले पोट, वारा न सरणे किंवा शौचातून रक्त असेल, तर त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. जाताना काही खाऊ-पिऊ नये आणि आधीच्या कळा केव्हा केव्हा आल्या, ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.