परीकथेतला वाघ गाळू नका



परीकथा मुलांना भित्रं करतात, म्हणून त्या घरातून हद्दपार कराव्यात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचं म्हणणं पटण्यासारखं नाही.

ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातली हान्सेल-ग्रेटेलची गोष्ट भीतिदायक आहे, यात वाद नाही. घरात खायला नाही, म्हणून आईबाप पोरांना जंगलात सोडून येतात. पण पुढे? हान्सेलला खाण्यासाठी कोंडून ठेवणारी अधू नजरेची चेटकीण, तो किती लठ्ठ झाला हे पाहायला, त्याचं बोट चाचपू पाहते, तेव्हा तो हाडूक पुढे करतो. तिला भट्टीत ढकलते ती ग्रेटेल! कुणी मोठं माणूस धावून येत नाही. मुलं आपली सुटका आपणच करतात.

आपली भोपळ्यातली म्हातारीही वाघाला अशीच झुलवते. लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते, मग खा, असं सांगून जीव वाचवते. वाघ आला की ऐकणारं पोर आजीला बिलगतं आणि गोष्ट संपताच तीच पुन्हा मागतं.

मुलाच्या मनात भीती आधीच असते, गोष्ट तिला रूप देते, हे बालमानसाचे अभ्यासक ब्रूनो बेटेलहाइम यांनी परीकथांवरच्या १९७६ च्या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे.

तेव्हा पालकांनी वाघ-चेटकीण वगळलेल्या गुळमुळीत आवृत्त्या आणू नयेत. गोष्ट पूर्ण सांगावी आणि मूल घाबरलं तर त्याला जवळ घ्यावं.

— एक वाचक