घर पडलं, घर उचललं

१९९१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर यांची नागपूरहून हावड्याला बदली झाली. नागपूर विभाग तेव्हा दक्षिण पूर्व रेल्वेतच होता, त्यामुळे अशा बदल्या व्हायच्याच. सांत्रागाछीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सामान लागलं, मुलाला शाळेत प्रवेश मिळाला आणि मग मात्र सकाळी दोघे बाहेर पडले की रिकामं घर मला खायला उठू लागलं. बंगाली मला येत नव्हती. माझी हिंदी नागपुरी, शेजारणींची बंगाली वळणाची. नमस्कार आणि हसू यापुढे गाडी सरकेना.

एका दुपारी ट्रंकेतून मुलाचा अर्धवट राहिलेला स्वेटर काढला आणि दारात उन्हाला बसले. समोरच्या मासीमा, म्हणजे आपल्या मावशीच म्हणा ना, जवळ आल्या आणि माझ्या सुयांकडे बघत एकदम म्हणाल्या, "बौमा, तोमार घर पोडे गेछे!"

माझ्या काळजात धस्स झालं. घर पडलं? आमचं नागपूरचं घर जुनं, सासूबाई तिथे एकट्या. तार तर आली नाही ना?

माझा चेहरा बघून मासीमा गोंधळल्या. मग त्यांनी विणीवर बोट ठेवलं. एक टाका सुटून चार ओळी खाली घसरला होता. बंगालीत विणकामातल्या टाक्याला 'घर' म्हणतात आणि सुईवर टाके घालायचे म्हणजे 'घर तोला', घर उचलायचं! मासीमांनी क्रोशाची सुई आणून तो टाका एकेका ओळीतून वर घेतला आणि माझ्या सुईवर चढवून दिला. आम्ही दोघी हसत सुटलो. हावड्यातलं माझं पहिलं माणूस मला असं मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मी गच्चीवर जाऊ लागले. तिकडचा हिवाळा जेमतेम दीड-दोन महिन्यांचा, पण बंगाली माणूस तो मनापासून साजरा करतो. जरा गारवा आला की आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर माकडटोप्या! जवळच्या तळ्यावर पाहुणे पक्षी उतरत आणि आमच्या गच्चीवर चटया. संत्री सोलत, उन्हाला पाठ देऊन आम्ही विणत असू. एक वाल्टेरची तेलुगू, एक खुर्द्याची ओडिया, दोघी-तिघी बंगाली आणि मी. माझं 'सुलट-उलट', त्यांचं 'सोजा-उल्टो'. बॉर्डरला बारा नंबरच्या सुया, पुढे दहा नंबरच्या, हे मात्र सगळ्यांचं एकच.

मुलांना आखूड झालेले स्वेटर उसवायचे, लोकरीच्या लड्या करून धुवायच्या, वाळवून पुन्हा गुंडे करायचे आणि नव्या रंगाची जोड देऊन मोठ्या मापाचा स्वेटर घालायचा. हे सारं तिथेच चाले. डोळे विणीवर असले की तोंडावर बोलायला जड जाणाऱ्या गोष्टीही सहज बोलल्या जातात. कोणाची पोर परीक्षेत नापास झाली, कोणाच्या घरी अबोला आहे, हे गच्चीवर कळे आणि त्यावर उपायही तिथेच निघे.

तिसऱ्या हिवाळ्यात मासीमा टाके चाचपून मोजू लागल्या. मोतीबिंदू होता. नातवाच्या स्वेटरची पाठ झाली होती, पुढचा भाग अर्ध्यावर होता. ऑपरेशननंतर काही आठवडे विणायला मनाई. "वेलिंग्टनला तिबेटी लोकांकडे स्वस्त स्वेटर मिळतात, तोच घेऊ," असं त्यांचा मुलगा म्हणाला. मासीमा काही बोलल्या नाहीत. त्यांची पिशवी मी उचलून आणली.

पण प्रत्येकीचा हात वेगळा. मासीमांची वीण सैल, माझी घट्ट. मी दहाऐवजी नऊ नंबरच्या सुया घेतल्या, दोनदा उसवलं, तरी छातीवर एक बारीक रेघ उमटलीच. चष्मा आल्यावर मासीमांनी स्वेटरवरून बोट फिरवलं आणि नेमक्या तिथेच थांबल्या.

"इथून तू."

"उसवून पुन्हा विणते, मासीमा."

"नको. नातवाला सांगायला काहीतरी असू दे."

२०१३ साली ब्रिटनमधल्या एका नियतकालिकात देशोदेशीच्या साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. वारंवार विणणाऱ्यांना शांत आणि आनंदी वाटतं आणि गटात बसून विणल्याने माणसांशी संबंध वाढतात, असं त्यात आढळलं. वाचून मला आमची गच्चीच आठवली. आज बाजारात तयार स्वेटर हवा तसा मिळतो, पैशाच्या हिशेबाने विणणं परवडतही नाही. पण त्या गच्चीवर आम्ही नुसते स्वेटर कुठे विणत होतो?

आता आम्ही नागपूरला आहोत. यंदा सूनबाईंनी हौसेने सुया घेतल्या आहेत. काल आतून हाक आली, "आई, टाका सुटला हो!"

मी सवयीने म्हणून गेले, "घर पडलं? आण इकडे, उचलू या."

ती गोंधळून बघतच राहिली. मग काय, चहा टाकला आणि तिला सारी हकीकत सांगितली.